जायकवाडीला पाणी सोडायचं म्हणजे काय करायचं? गोदावरीच्या वाटणीचा हिशेब

पाऊस बरा झाला की हा विषय बातम्यांतून नाहीसा होतो. २०२३सारखं तुटीचं वर्ष आलं की दसरा-दिवाळीच्या सुमाराला पुन्हा तेच मथळे दिसू लागतात. जायकवाडीला, म्हणजे पैठणच्या धरणाला, साडेआठ टीएमसी पाणी सोडणार, नाशिक-अहिल्यानगरचा विरोध, मराठवाड्यात रास्ता रोको, मग याचिका. वाचणाऱ्याला प्रश्न पडतो की एका सरकारी धरणातून दुसऱ्या सरकारी धरणात पाणी न्यायला एवढी कोर्टकचेरी कशाला? आणि ते ६५ टक्के, ६५ टक्के म्हणतात ते कशाचे?

उत्तर कळायला धरणाच्या भिंतीपासून सुरुवात करून चालत नाही. थोडं वर, घाटमाथ्यावर जावं लागतं आणि थोडं मागेही.

पाणी येतं कुठून

गोदावरी त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरीवर उगम पावते. अरबी समुद्र तिथून ८० किलोमीटरवर आहे, पण नदी पाठ फिरवून पूर्वेला निघते आणि १,४६५ किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळते. तिचं खोरं, म्हणजे जिथे पडलेला पाऊस शेवटी तिच्याच पात्रात येतो तो सगळा प्रदेश, ३ लाख १२ हजार चौरस किलोमीटरचं आहे. त्यातलं जवळपास निम्मं महाराष्ट्रात येतं. उरलेलं तेलंगणा, आंध्र, छत्तीसगड, मध्य प्रदेश, ओडिशा आणि कर्नाटकाच्या एका कोपऱ्यात आहे.

एवढी मोठी नदी आणि भांडण कसलं, असं वाटणं साहजिक आहे. पण गोदावरीचं मोठेपण खालच्या अंगाला आहे. वर्धा, वैनगंगा, पैनगंगा यांचं पाणी घेऊन येणारी प्राणहिता, पुढे इंद्रावती, शबरी या नद्या मिळाल्यावर ती खरी महानदी होते. वाद आहे तो पैठणच्या वरच्या भागाचा. हा भाग सुमारे २१,७५० चौरस किलोमीटर, म्हणजे खोऱ्याच्या सात टक्क्यांच्या आसपास.

या सात टक्क्यांतही पाऊस सारखा पडत नाही. भंडारदऱ्याच्या माथ्यावर घाटघर, रतनवाडीला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस होतो. इगतपुरीला तीन हजारांच्या पुढे. तिथून नाशिक शहरात यावं तर सातशेच्या आसपास आणि कोपरगावला पोचेपर्यंत पाचशे. सह्याद्री ओलांडताना ढगांनी आपलं ओझं पश्चिमेच्या पट्ट्यातच उतरवलेलं असतं. नदीच्या वरच्या टप्प्यात येणारं बहुतेक पाणी त्या अरुंद पट्टीतून, जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत येतं. पट्टीच्या पायथ्याशी भिंत घातली की खालची नदी कोरडी पडते. वादाचं मूळ या भूगोलात आहे.

टीएमसी, क्युसेक आणि त्यांचा अंदाज

टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट पाणी, लिटरमध्ये २,८३१ कोटी. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट वाहणारं पाणी. ११,५७४ क्युसेकने २४ तास पाणी सोडलं की एक टीएमसी होतं. विसर्गाची बातमी वाचताना हा आकडा हाताशी असलेला बरा.

एका टीएमसीत होतं काय? माणशी दिवसाला १३५ लिटर धरले तर पावणेसहा लाख लोकांचं वर्षभराचं पाणी. उसाला लागवडीपासून तोडणीपर्यंत हेक्टरी २० ते २५ हजार घनमीटर पाणी लागतं असं धरलं, तर तेच एक टीएमसी शेतात पोचल्यावर साधारण ११०० ते १४०० हेक्टर ऊस काढून देतं. कालव्यातली गळती धरली तर त्याहून कमी. म्हणूनच एकेका टीएमसीवर माणसं हातघाईवर येतात.

कालवे नव्हते तेव्हा

या टापूत माणूस नदीला धरून राहू लागला त्याला साडेतीन-चार हजार वर्षं झाली. प्रवरा या गोदावरीच्या उपनदीच्या काठी दायमाबादला उत्तर-हडप्पा काळापासूनच्या वस्तीचे थर सापडले आहेत. १९७४मध्ये तिथे रथ, हत्ती, गेंडा आणि म्हैस अशी भरीव ब्राँझची चार शिल्पं मिळाली. संगमनेरजवळच्या जोर्वे गावावरून तर एका अख्ख्या ताम्रपाषाणयुगीन संस्कृतीला नाव मिळालं. नेवाशाला १९५०च्या दशकात ह. धी. सांकलिया यांच्या देखरेखीखाली उत्खनन झालं. ही गावं काळ्या जमिनीत आणि नदीच्या काठावर होती. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकात त्यांतली बहुतेक ओस पडली. अनेक अभ्यासक त्याचा संबंध कोरड्या पडत गेलेल्या हवामानाशी लावतात.

पुढे सातवाहनांच्या काळात पैठण, म्हणजे प्रतिष्ठान, राजधानी झालं. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक व्यापारी मार्गदर्शिकेत पैठणहून भडोचच्या बंदरात गाड्या भरभरून गोमेद जातीचे खडे येत असल्याची नोंद आहे. नाशिकच्या पांडवलेण्यांत आभीर राजा ईश्वरसेनाच्या काळातला, तिसऱ्या शतकातला, एक शिलालेख आहे. भिक्खूंच्या औषधपाण्यासाठी ठेवलेल्या रकमा कोणकोणत्या व्यावसायिक श्रेणींकडे व्याजाने ठेवल्या ते त्यात लिहिलंय. त्यांत तेल्यांची श्रेणी आहे आणि ‘ओदयंत्रिकां’चीही. अभ्यासक याचा अर्थ पाण्याची यंत्रं करणारे कारागीर असा लावतात. सतराशे वर्षांपूर्वी नाशकात पाणी उचलण्याची साधनं बनवणाऱ्यांची, ठेवी घेण्याइतकी भरवशाची संघटना होती!

तरीही पाण्यावरून नाशिक आणि पैठणमध्ये वैर झाल्याचं दिसत नाही. दोन्हीकडच्या लोकांची मनं मोठी होती असं नव्हे, पाणी अडवण्याची ताकदच तेव्हा मर्यादित होती. मोटेवर बैलजोडी दिवसभर राबली तरी जेमतेम अर्धा एकर भिजायचं. तेही विहिरीचं पाणी. एवढ्याने पैठणच्या पात्रात फरक पडत नसे. ज्ञानेश्वरांनी नेवाशात ज्ञानेश्वरी सांगितली, एकनाथ पैठणला झाले, तेव्हाची गोदावरी वरच्या माणसाला अडवताच येत नव्हती.

दुष्काळासाठी काढलेला कालवा उसाकडे कसा गेला

१८७६-७८ आणि १८९६ ते १९०० या काळातल्या दुष्काळांनी दख्खन उद्ध्वस्त झालं. १९०१ ते ०३च्या सिंचन आयोगाने दुष्काळी भागात संरक्षक कालवे काढायची शिफारस केली. संरक्षक म्हणजे पाऊस दगा देईल त्या वर्षी ज्वारी-बाजरी वाचवणारे. त्यातून १९१६मध्ये दारणा धरण उभं राहिलं. त्याचं पाणी नांदूर-मधमेश्वरच्या बंधाऱ्यावर अडवून निफाड, कोपरगाव, राहाता, श्रीरामपूरकडे जाणारे गोदावरीचे डावा-उजवा कालवे निघाले. प्रवरेवर भंडारदरा धरण १९२६मध्ये पुरं झालं. ८२ मीटर उंच दगडी भिंत आणि साठा ११ टीएमसी.

पण इंग्रजी सरकारचा हिशेब चुकला. पाऊस बरा असलेल्या वर्षी ज्वारीला पाणी विकत घ्यायला शेतकरी येईना. कालवा काढण्याचा खर्च भरून निघेना. मग बारमाही पाणी घेणारं आणि पैसा देणारं पीक हवं, म्हणून ऊस पुढे आला. ठरावीक क्षेत्राला काही वर्षांच्या कराराने पाण्याची हमी द्यायची, ही ‘ब्लॉक’ पद्धत दख्खनच्या कालव्यांवर रुजली. मूळ कल्पना विश्वेश्वरय्यांची, पाणी अनेक गावांत पसरून द्यावं अशी. प्रत्यक्षात ब्लॉक हा पिढ्यान्‌पिढ्यांचा हक्क होऊन बसला. जादा पाणी आणि निचरा नाही, त्यामुळे काही वर्षांतच कालव्याकाठच्या जमिनी चोपण, म्हणजे खारावून नापीक, होऊ लागल्या, तेही याच काळात.

१९५०मध्ये लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरा सहकारी साखर कारखाना सुरू झाला. त्यामागून कारखान्यांची रांग लागली. शाळा, दवाखाने, बँका, रस्ते त्यातूनच आले, हे नाकारण्यात अर्थ नाही. दुष्काळी म्हणून ओळखला गेलेला टापू दोन पिढ्यांत राज्याचं राजकारण चालवू लागला.

नदीच्या खालच्या अंगाला तेव्हा निजामाचं राज्य होतं. निजामानेही धरणं बांधली, पण मराठवाड्याच्या वाट्याला काय आलं ते मांजरेकडे बघून कळतं. ही नदी बीड जिल्ह्याच्या डोंगरात उगवते, लातूर जिल्ह्यातून जाते आणि तिच्यावरचं १९३१चं निजामसागर भिजवतं तेलंगणातली जमीन. १९४८मध्ये मराठवाडा भारतात सामील झाला तेव्हा गोदावरीच्या वरच्या खोऱ्यात कालव्याची सवय असलेला एक शेतकरी तयार होता आणि खाली फक्त पावसाकडे बघणारा. पाणीवाटपाची चर्चा या जागेवरून सुरू झाली.

कागदावरचं पाणी

जायकवाडीचं भूमिपूजन १८ ऑक्टोबर १९६५ला लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झालं, लोकार्पण १९७६मध्ये इंदिरा गांधींच्या हस्ते. मूळ जागा बीड जिल्ह्यातल्या जायकवाडी गावाजवळ ठरली होती. धरण पुढे पैठणला हललं, नाव तेवढं राहिलं. मातीची भिंत जवळजवळ दहा किलोमीटर लांब, दरवाजे २७, एकूण साठा १०२ टीएमसीच्या वर. शंभराहून जास्त गावांची जमीन नाथसागराखाली, म्हणजे धरणाच्या जलाशयाखाली, गेली. डावा कालवा २०८ किलोमीटर, उजवा १३२.

धरणाची क्षमता ठरवताना अभियंते एक शब्द वापरतात, ७५ टक्के विश्वासार्हता. शंभर वर्षांपैकी पंचाहत्तर वर्षं निदान एवढं पाणी येईलच, असा तो आकडा. पैठणपर्यंत असं १९६.५ टीएमसी पाणी येईल असं त्या वेळी धरलं होतं. त्यातलं ११५.५ टीएमसी वरच्या नाशिक-अहिल्यानगरने वापरायचं आणि ८१ टीएमसी जायकवाडीला मिळायचं.

हा हिशेब दोन्ही बाजूंनी फसला. नंतर जास्त वर्षांची आकडेवारी घेऊन केलेल्या फेरअभ्यासांत एकूण पाणीच बरंच कमी निघालं. आणि वर धरणं होतच राहिली. मुळा २६ टीएमसी, गंगापूर साडेपाच, निळवंडे सव्वाआठ, शिवाय पालखेड, करंजवण, वाघाड, मुकणे, भावली, भाम… पाझर तलाव आणि बंधारे वेगळेच. प्रत्येकाला मंजुरी मिळाली, प्रत्येकाचं उद्घाटन झालं. येणारं पाणी घटत होतं आणि त्यावरचे दावे वाढत होते. माझ्या मते खरी चूक याच टप्प्यावर झाली. तिचं खापर एखाद्या तालुक्यावर किंवा पिकावर फोडणं सोयीचं असलं तरी बरोबर नाही.

६५ टक्के म्हणजे काय

महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा २००५चा. त्याच्या कलम १२(६)(ग)चं म्हणणं थोडक्यात असं: खोऱ्यात तूट असेल तर ती सगळ्यांनी वाटून घ्यायची. त्यासाठी ऑक्टोबरअखेर खोऱ्यातल्या सर्व धरणांमधल्या वापरता येणाऱ्या पाण्याची टक्केवारी, खरिपातला वापर जमेस धरून, जवळपास सारखी असावी. हेच समन्यायी पाणीवाटप. टीएमसी सारखे करायचे नाहीत, टक्के सारखे करायचे, हा यातला कळीचा मुद्दा. मोठं धरण आणि छोटं धरण आपापल्या मापाने तूट सोसतात.

कायदा झाला तरी तो लावायचा कसा हे ठरायला आणखी काही वर्षं गेली. हिरालाल मेंढेगिरी यांच्या अध्यक्षतेखालच्या अभ्यासगटाने २०१३मध्ये कोष्टकं तयार करून दिली. सप्टेंबर २०१४मध्ये प्राधिकरणाने त्यावर आदेश काढला. मुंबई उच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०१६च्या निकालात समन्यायी वाटपाचं तत्त्व उचलून धरलं.

रीत अशी आहे. जायकवाडीचा उपयुक्त, म्हणजे कालव्यात जाऊ शकणारा, साठा ७६.६५ टीएमसी. १५ ऑक्टोबरला धरणात किती उपयुक्त पाणी आहे ते बघायचं, त्यात खरिपात वापरलेलं मिळवायचं. ही बेरीज ६५ टक्के, म्हणजे ४९.८ टीएमसी भरली, तर वरून काही सोडायचं नाही. समजा ती ४२ टीएमसीच आली. मग पावणेआठ टीएमसीची तूट आहे. ती भरायला वरचे पाच धरणसमूह तपासायचे: गंगापूर, दारणा, पालखेड, प्रवरा आणि मुळा. त्या वर्षीच्या कोष्टकाप्रमाणे प्रत्येकाने आपल्याकडे किती टक्के ठेवायचं ते ठरलेलं असतं. वर उरेल ते खाली.

२०२३मध्ये हा हिशेब ८.६०३ टीएमसीवर आला. प्रवरेतून ३.३६, दारणेतून २.६४३, मुळेतून २.१०, गंगापूरमधून ०.५ आणि पालखेडमधून शून्य. पालखेडला सूट कोणाच्या मेहरबानीने मिळाली नव्हती, त्या समूहात सोडण्याइतकं जादा पाणीच नव्हतं. २०१५च्या दुष्काळात हाच आकडा १२.८४ टीएमसी होता.

६५ हा आकडा कायद्यात लिहिलेला नाही. तो अभ्यासगटाच्या कोष्टकातून आला आणि वेळोवेळी तपासायचा आहे. २०२५मध्ये नव्या अभ्यासगटाने तो ५८ टक्क्यांवर आणायची शिफारस केली आणि मराठवाड्यातून हरकतींचा पाऊस पडला. सात टक्के म्हणजे सव्वापाच टीएमसीहून थोडं जास्त, हे लक्षात घेतलं की हरकती का आल्या ते कळतं.

पाणी सोडतात तेव्हा नदीत काय होतं

धरणाचं दार उघडलं आणि पाणी पैठणला पोचलं, इतकं ते सोपं नाही. मधल्या पात्रात कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत. दगडी खांब, खांबांना खाचा, खाचांत एकावर एक बसवलेल्या फळ्या. पावसाळा संपला की फळ्या टाकून गावं पाणी अडवतात. वरून पाणी सुटायच्या आधी या सगळ्या फळ्या काढाव्या लागतात. गाळात रुतलेल्या, पाण्याच्या दाबाने खाचेत घट्ट बसलेल्या फळ्या निघता निघत नाहीत. एक बंधारा चुकला की त्याच्यामागे पाणी तुंबतं आणि खालचा हिशेब बिघडतो.

मग काठावरचे विद्युतपंप. नदीत पाणी दिसलं की ते चालू होणार हे उघड आहे. म्हणून तेवढे दिवस नदीकाठच्या रोहित्रांची वीज तोडतात, पोलीस बंदोबस्त लावतात, जमावबंदी पुकारतात. चार दिवस वीज नाही म्हणजे घरातली, गोठ्यातली, दूध संकलनाचीही नाही. काठावरच्या गावांची ही तक्रार खरी आहे.

तिसरी गोष्ट वाळूची. कोरड्या पात्रात पहिलं पाणी पुढे सरकत नाही, खाली जिरतं. म्हणून थेंबथेंब न सोडता मोठ्या विसर्गाने, सलग आणि शक्य तितक्या लवकर सोडायचं असतं. ऑक्टोबरात पात्र ओलं असतं, काठच्या विहिरी भरलेल्या असतात, जिरणारं पाणी कमी. २०२३मध्ये आदेश ऑक्टोबरअखेर निघाला आणि दारं उघडायला नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा उजाडला. उशिराचा प्रत्येक आठवडा वाळूच्या खात्यात जमा होतो. पाणी अडवायला कोर्टात जाणारे आणि पाणी वाया गेलं म्हणून ओरडणारे पुष्कळदा एकच असतात, हे जाता जाता.

“पाऊस आमच्याकडे पडतो, पाणी आमचं”

कायद्याने नदीच्या पाण्यावर कोणत्याच गावाची मालकी नाही, पाणी राज्याच्या ताब्यात आहे आणि वापराचा हक्क तेवढा वाटून मिळतो. पण कायदा बाजूला ठेवला तरी हा दावा लंगडा पडतो. पाऊस खरोखर पडतो तो इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, अकोले तालुक्यांतल्या महादेव कोळी आणि ठाकर समाजाच्या गावांत. धरणांखाली जमिनी गेल्या त्याही बऱ्याच त्यांच्या. तिथे बेसॉल्टचा कातळ पाणी धरून ठेवत नाही, उतारावरून सगळं वाहून जातं आणि एप्रिल-मेमध्ये त्याच वाड्यावस्त्यांवर टँकर फिरतात. जिथे पडतो त्यांचं पाणी, हे तत्त्व मानायचं तर पहिला हक्क त्यांचा ठरेल, कोपरगाव-राहुरीच्या लाभक्षेत्राचा नव्हे.

“जायकवाडीत २६ टीएमसी पडून आहे, ते वापरा”

हा मृतसाठा. घरातल्या रांजणाला तोटी तळापासून वीतभर वर बसवलेली असते, तिच्याखालचं पाणी तोटीतून येत नाही. धरणातही कालव्याच्या दाराचा उंबरा ज्या पातळीवर असतो त्याच्याखालचं पाणी कालव्यात शिरत नाही. ते उचलायला पंप लागतात. छत्रपती संभाजीनगरसारख्या शहरासाठी अडचणीच्या काळात आपत्कालीन पंप लावून ते उचललं जातंही. पण त्यावर हजारो हेक्टर भिजवता येत नाहीत. आणि त्या २६ टीएमसीच्या जागेत इतक्या वर्षांचा गाळ साचला आहे तो वेगळाच.

“उथळ धरणात पाणी नेऊन वाफ कशाला करता?”

वरच्या बाजूचा हा सर्वांत वजनदार मुद्दा आहे. नाथसागराचं पाणी पूर्ण भरल्यावर साडेतीनशे चौरस किलोमीटरवर पसरतं, सरासरी खोली साडेआठ मीटरही भरत नाही. एवढ्या पसाऱ्यावरून एक मीटर पाणी उडालं तरी १२ टीएमसी गेलं. भंडारदऱ्यासारख्या खोल दरीत तेवढंच पाणी फार कमी वाफ होऊन राहतं. मग पाणी वरच ठेवावं आणि लागेल तसं सोडावं? ऐकायला बरं वाटतं, पण मार्च-एप्रिलमध्ये सोडलेलं पाणी तापलेल्या वाळूत जिरणार आणि हजारो पंपांच्या तोंडी जाणार. वाफ वाचवायची तर जिरणं वाढतं. वरपासून पैठणपर्यंत बंद नळ टाकला तर दोन्ही टळेल, पण आठ-दहा टीएमसी काही दिवसांत नेणारा नळ हा कागदावरच शोभतो.

“आधी ऊस बंद करा”

दोन्हीकडचे लोक हे समोरच्याला सांगतात. जायकवाडी आणि माजलगावच्या लाभक्षेत्रातही ऊस आहे, कारखाने आहेत. शेतकरी ऊस लावतो कारण त्याचा दर आधी कळतो, गारपिटीत तो टिकतो आणि कारखाना दारातून उचलतो. कांदा किंवा कापूस यातलं काही देत नाहीत. ठिबकने उसाचं पाणी बरंच वाचतं हे खरं, पण वाचलेल्या पाण्यावर शेजारचं रान उसाखाली आलं की नदीला काही मिळत नाही. पाण्याचा कोटा मोजून बांधून दिल्याशिवाय ठिबकचा फायदा खालच्याला पोचत नाही.

“पश्चिमेला वाहून जाणारं पाणी वळवा”

दमणगंगा, वैतरणा, पार या नद्यांचं पाणी घाट चढवून गोदावरीत आणायचं, ही जुनी आणि लोकप्रिय योजना. काही छोटे वळण बंधारे झालेही आहेत. जिथे उताराने पाणी वळतं तिथे ते करावंच. जिथे उचलायचं तिथे वीजबिल बघावं. १०० मीटर उंचीवर एक घनमीटर पाणी चढवायला पंपाची कार्यक्षमता धरून साधारण ०.३६ युनिट वीज लागते. म्हणजे एका टीएमसीला सुमारे एक कोटी युनिट, दर १०० मीटरला, दर वर्षी. उंची तीनशे-चारशे मीटर झाली की गुणाकार ज्याचा त्याने करावा. शिवाय वैतरणेवर मुंबईचं पिण्याचं पाणी आहे आणि पालघरच्या गावांनाही तहान आहे.

आणि बाभळीला आपण खालचे नसून वरचे होतो

नांदेड जिल्ह्यात धर्माबाद तालुक्यात गोदावरी महाराष्ट्राची हद्द सोडते. खाली तेलंगणाचं पोचमपाड धरण आहे. आंतरराज्य वाटपासाठी नेमलेल्या बच्छावत लवादाने १९८०च्या निवाड्यात १९७५चा दोन राज्यांमधला करार मान्य केला. पैठणपर्यंतचं आणि पूर्णेवर सिद्धेश्वर धरणापर्यंतचं सगळं पाणी महाराष्ट्राने वापरायचं, त्याखाली पोचमपाडपर्यंत नव्या प्रकल्पांसाठी ६० टीएमसीची मर्यादा. त्या मर्यादेत महाराष्ट्राने बाभळीला २.७४ टीएमसीचा बंधारा बांधला. तेव्हाच्या आंध्र प्रदेशाने सर्वोच्च न्यायालय गाठलं. तिथे आंध्रची तक्रार ऐकली तर मराठवाड्याचीच वाटते: वरचे अडवतात, आम्हाला पाणी उरत नाही. आणि महाराष्ट्राचं उत्तर नाशिकसारखं होतं: आमच्या हिश्श्यातलंच घेतो.

२८ फेब्रुवारी २०१३च्या निकालाने बंधारा वाचला, अटींसकट. दरवर्षी १ जुलैला दारं वर उचलायची आणि २८ ऑक्टोबरपर्यंत खाली टाकायची नाहीत. १ मार्चला ०.६ टीएमसी पाणी खाली सोडायचं. म्हणजे नदीला पूर असतो ते चारही महिने बाभळीचा बंधारा उघडा. २९ ऑक्टोबरला दारं पडतात तेव्हा पात्रात जे वाहत असेल तेवढंच नांदेडच्या शेतकऱ्याला अडवता येतं. वरच्या धरणांनी त्या आधीच आपली पातळी गाठलेली असते. त्यामुळे परतीचा पाऊस चुकला, की पुढच्या आठ महिन्यांत बाभळीला किती पाणी राहणार हे पैठणचे दरवाजे बंद झाले त्या दिवशीच बरंचसं ठरलेलं असतं.